टोपी धुवायची बाकी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. लिफ्ट मेकॅनिक स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून मैदा मोजत होता. काट्याने एकावन्न ग्रॅम दाखवले. त्याने चमच्याच्या टोकाने एक ग्रॅम काढून पिशवीत परत टाकला, पन्नास मिलिलिटर कोमट पाणी ओतलं आणि काचेच्या बरणीतलं आंबूस, चिकट पीठ लाकडी चमच्याने वीस वेळा ढवळलं. एकविसाव्यांदा नाही. मग बरणीच्या गळ्यात अडकवलेल्या कार्डावर लिहिलं : 'दिवस ३४. वेळ ६.१०. खाणे दिले. बुडबुडे ७. कमी.' खाली सही केली आणि बरणीच्या डोक्यावर हिरवी लोकरीची टोपी घातली.

आतल्या खोलीतून आवाज आला, "पाहुण्याला वाढलंत का, जावईबापू? की माणसांच्या चहाचाही विचार आहे आज?"

"ठेवतोय, ठेवतोय."

'पाहुणा' म्हणजे बरणी. तसं पाहिलं तर घरात खऱ्या पाहुण्या सासूबाईच होत्या. त्या चार दिवसांचे कपडे आणि लोकरीचे दहा गुंडे घेऊन लेकीकडे राहायला आल्या, पाचव्या दिवशी साथीमुळे सगळं बंद झालं, आणि तेव्हापासून दोन खोल्यांच्या त्या घरात दिवसभर फक्त दोघंच असत : सासू आणि जावई. बायको औषधाच्या दुकानात कामाला. तिला सुट्टी नव्हती. ती सकाळी आठला मास्क लावून निघे आणि जाताना दोघांकडे असं बघे, की जणू शाळेतली दोन द्वाड पोरं एका बाकावर बसवून चाललीय.

मेकॅनिककडे अठरा इमारतींच्या लिफ्ट होत्या, सगळ्या ऑफिसांच्या. सत्तावीस वर्षं त्याचा फोन एकाच कारणासाठी वाजत आला होता : कुणीतरी कुठेतरी अडकलंय. आता ऑफिसं बंद, लिफ्ट तळमजल्यावर गप्प. सगळं जग एकदम अडकलं होतं आणि त्याला एकही फोन येत नव्हता. पहिल्या आठवड्यात त्याने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या आठवड्यात सगळे स्क्रू आवळले. तिसऱ्या आठवड्यात त्याने ते पुन्हा आवळले, तेव्हा कपाटाचं दार उघडेना. त्याच सुमारास ताईचा फोन आला.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. बावीस वर्षं तिची बेकरी होती. तिच्या पावाला एक आंबूस चव होती, ती पिठात तयार विकतचं काही घालून येत नसे. बेकरी उघडली त्या आठवड्यात ताईने पीठ आणि पाणी कालवून जे आंबवण धरलं, तेच बावीस वर्षं रोज थोडं वापरून, रोज थोडं खायला घालून तिने जिवंत ठेवलं होतं. घरात कुणाला ते समजावं म्हणून ती त्याला विरजण म्हणे. लोक पावासाठी दोन बेकऱ्या ओलांडून तिच्याकडे येत, ते या विरजणापायी. आणि आता ताईलाच आजाराने गाठलं होतं. बरी झाली, पण अंगात त्राण नव्हतं, आणि नाकाने संप पुकारला होता.

"अरे बंड्या, मला कशाचाच वास येत नाहीये," ती म्हणाली होती. बावन्न वर्षांच्या माणसाला बंड्या म्हणणारं आता जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. "विरजण जिवंत आहे की मेलंय, ते वासावर कळतं. बेकरीतली पोरं सगळी पाठवून दिलीत घरी. तू सांभाळ. रोज एकदा खायला घाल. थंडी लागू देऊ नकोस. परवानगी आली की मी शटर उघडणार, आणि ते नसेल तर उघडून उपयोग नाही. मग मी आणि कोपऱ्यावरचा तो, सारखेच."

बरणी आली. मेकॅनिकने तिला लिफ्टमध्ये लावतात तसं सर्व्हिस कार्ड लावलं : तारीख, वेळ, काय आढळलं, काय केलं, सही. त्याच्या धंद्यात कार्ड म्हणजे शपथ. माणूस खोटं बोलेल, कार्ड बोलत नाही.

विरजणाला खाणं घालायचं तर आधी त्यातलं थोडं काढावं लागतं, नाहीतर महिन्याभरात घरात माणसांना जागा उरायची नाही. काढलेलं टाकून देणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तो पाव करू लागला. पहिला पाव त्याने छोट्या ओव्हनमधून काढून ओट्यावर ठेवला तेव्हा 'ठक्' असा आवाज झाला. सासूबाईंनी तो हातात घेतला, वजन घेतलं, आणि बाल्कनीच्या आपटणाऱ्या दाराला टेकण म्हणून लावला.

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "दार अजिबात हलत नाही."

विणकाम त्याच्या मागोमाग आलं. बरणीला थंडी लागते म्हणून तो तिला टॉवेलमध्ये गुंडाळत होता. ते बघून सासूबाईंना राहवेना. "तिला काय न्हाऊ घातलंय? या सुया घ्या. सुलट टाका, उलट टाका, एवढंच असतं जगात. बसा इथे."

तो बसला. आणि त्याला ते आवडलं. दोन सुया, एक धागा, कुठे काय अडकलंय ते डोळ्यांना दिसतं, आणि अडकलेलं सोडवायला दहाव्या मजल्यावर चढावं लागत नाही. दुपारी दोन ते चार दोघं खिडकीपाशी समोरासमोर बसून विणत. बोलणं फारसं नसे. टोमणे असत. त्याचा दोष एकच होता, तो धागा आवळी. सत्तावीस वर्षांची सवय, काही सैल दिसलं की त्याचा हात शिवशिवे. बरणीचा स्वेटर पूर्ण झाला तेव्हा तो बरणीशिवायही ताठ उभा राहत होता. टोपीत सासूबाईंनी सहज पेलाभर पाणी ओतून बघितलं. थेंब गळला नाही.

"जावईबापू, याला विणणं म्हणत नाहीत. याला पत्रा ठोकणं म्हणतात."

असा सगळा बंदोबस्त असूनही चौतिसाव्या दिवशी बुडबुडे सातच होते. आदल्या आठवड्यात विसाच्या वर असत. गारठा वाढला होता. मेकॅनिकने थर्मामीटर घेऊन घर पालथं घातलं. ओट्यावर सतरा अंश. सासूबाईंच्या गादीत सव्वीस, पण तिथे परवानगी मिळाली नाही. स्वयंपाकघरात छतापाशी, माळ्याच्या कडेला, चोवीस.

"ऊब वर जाते," तो म्हणाला.

"मग बरणी ठेवा की माळ्यावर."

"रोज स्टूल लावून काढायची? हातातून सुटली तर?"

एवढं म्हणून तो थांबला. सासूबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सुया खाली ठेवल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरात नाही."

दोन दिवसांत स्वयंपाकघरात लिफ्ट उभी राहिली. कामाच्या पिशवीत दोन जुन्या पुल्या होत्या, त्या माळ्याच्या लोखंडी पट्टीला लागल्या. दोर नव्हता आणि दुकानं बंद होती, म्हणून त्याने लोकरीचा चौपदरी दोर विणला. त्यावर सासूबाईंना लटकवलं असतं तरी तुटला नसता, आणि तसं तो एकदा मनातल्या मनात बोललाही. बरणीला जाळी विणली. राहिलं काउंटरवेट. लिफ्टच्या डब्याला पेलायला दुसऱ्या टोकाला जे वजन असतं, ते. बरणी भरून तेराशे दहा ग्रॅम होती. तिच्याहून थोडं जड काही हवं होतं, म्हणजे बरणी आपली आपण वर राहील आणि खाणं घालताना हाताने ओढून खाली घेता येईल.

त्याने घरभर नजर फिरवली. आदल्या दिवशीचे दोन पाव ओट्यावर होते. दोन्ही मिळून चौदाशे साठ.

"पावाने बरणी तोलणार?" बायकोने संध्याकाळी विचारलं. ती नुकतीच दुकानातून येऊन, आंघोळ करून, चहाचा कप घेऊन उभी होती. दिवसभर गोळ्या मोजून आलेल्या बाईला घरी छताकडे चाललेली टोपीवाली बरणी दिसली होती.

"लागतं तेवढं वजन बरोबर भरतंय. आणि घट्ट पिशवीत आहेत. झिजायचे नाहीत."

"ते पटतंय," बायको म्हणाली.

उबेला गेल्यावर विरजण असं काही खुललं, की दुसऱ्याच दिवशी फुगून बरणीबाहेर आलं. जमिनीवर मात्र काही सांडलं नाही. सगळं टोपीत जमा झालं आणि तिथेच राहिलं. सासूबाईंनी ती पिठाने भरलेली टोपी दोन बोटांत धरून त्याच्यापुढे केली. "हे आताच्या आता धुऊन टाका. वाळलं की खपली धरेल." तो म्हणाला, हो. दाराआडच्या खिळ्याला टोपी अडकवली, बरणीला दुसरी टोपी घातली आणि कार्डावर लिहिलं : 'दिवस ३७. ओसंडले. टोपी क्र. १ धुवायची बाकी.' मग धुतली नाही. कामांमध्ये धुणं हे त्याच्या लेखी दुरुस्तीत मोडत नव्हतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी ताईचा फोन आला. तो बाहेरच्या खोलीत होता.

"परवानगी आली, बंड्या! दहा-बारा दिवसांत उघडायचं. विरजण कसंय?"

"ठणठणीत. तू बघशील तर—"

स्वयंपाकघरात आधी पुली किंचित कुरकुरली, मग ओट्यावर काहीतरी टेकल्याचा आवाज आला, मग काच फुटली.

"कसला आवाज रे?"

"काही नाही. सासूबाई."

"पडल्या?"

"छे छे. पाडलं काहीतरी."

"पाडू दे. विरजण नाही ना पाडलं?"

"नाही," मेकॅनिक म्हणाला, आणि फोन ठेवून आत धावला.

बरणी फरशीवर होती, म्हणजे स्वेटर फरशीवर होता आणि बरणी त्याच्या आत तुकड्यांत होती. पांढरं पीठ काचेसकट सगळीकडे पसरलं होतं. ओट्याजवळ सासूबाई हातात चमचा धरून उभ्या होत्या आणि छताकडे बघत होत्या. तिथे पावांची पिशवी पुलीला टेकून हळूहळू डोलत होती.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पाव वर गेला."

त्याने दोर तपासला. शाबूत. पुल्या, शाबूत. पिशवी खाली घेऊन त्याने पाव बाहेर काढले. बाहेरून जसेच्या तसे, खणखणीत. एकाला बुडाशी एक नीटस भोक होतं. त्याने बोटं घातली तर हात मनगटापर्यंत आत गेला. दुसऱ्याचंही तेच. काट्यावर दोन्ही मिळून बाराशे पाच भरले.

"हे कुणी केलं?"

"उंदीर असेल."

"उंदीर चमच्याने खातो?"

सासूबाईंनी चमचा पदराआड घेतला, मग त्याचा काही उपयोग नाही हे लक्षात येऊन ओट्यावर ठेवला. "चहाबरोबर बरा लागतो हो," त्या म्हणाल्या. "वरचं कवच म्हणजे लाकूड, पण आतून मऊ आहे अगदी. चार दिवस झाले. तुम्ही बाहेरच्या खोलीत गेलात की दोन चमचे. आज जरा तिसरा घेतला."

"मग मागायचं होतं!"

"मागू कोणत्या तोंडाने? दाराला टेकण लावला होता ना मी तुमचा पाव."

त्याला रागवायचं होतं. पण त्याचा पाव कुणीतरी चोरून खाल्ला, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि राग नीट जमेना. दोघांनी मिळून फरशी पुसली. काचेचा चुरा मिसळलेलं पीठ कागदात बांधून कचऱ्यात गेलं. बावीस वर्षं कचऱ्यात गेली, असं त्याच्या मनात आलं. पुढच्याच क्षणी ताईचं 'मी आणि कोपऱ्यावरचा तो, सारखेच' आठवलं, आणि तो खुर्चीत बसला.

बसल्या बसल्या त्याने कार्ड ओढलं. ते तरी भरायला हवं होतं. 'दिवस ४१. वेळ ४.२०. बरणी पडली, फुटली. कारण : काउंटरवेट आतून खाल्ले गेले. दोष : मेकॅनिकचा. रोज फक्त बाहेरून तपासणी.' सही.

सासूबाईंनी त्याच्या खांद्यावरून वाचलं. "माझं नाव नाही घातलंत?"

"काउंटरवेट तपासणं माझं काम."

"तसं असेल तर ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बोट आपोआप वरच्या ओळीवर गेलं. "हे काय? टोपी क्रमांक एक, धुवायची—" त्यांनी मान वर केली. "धुतलीत?"

"नाही."

"आळशी माणसाचं कधी कधी देव बघतो," म्हणत त्या दारामागे पोहोचल्यासुद्धा.

टोपीत चार दिवसांचं वाळलेलं पीठ होतं, पापडासारखं कडक, कपच्या-कपच्यांचं. सैल विणलेल्या टोपीतून ते केव्हाच गळून गेलं असतं. सासूबाईंनी विणायच्या सुईच्या टोकाने एकेक कपची सोडवली. अडीच चमचे भरले. त्यात हिरव्या लोकरीचे काही धागेही आले, ते निवडता निवडता दोघांचे चष्मे एकमेकांवर आपटले. कपच्या कोमट पाण्यात भिजवल्या, पन्नास ग्रॅम पीठ घातलं, वाटी टॉवेलात गुंडाळली. या खेपेला बरणीऐवजी वाटीला थेट सासूबाईंच्या गादीत जागा मिळाली. परवानगी न मागता.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग आईकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला दोघांना घरात ठेवून मी दुकानात आजाऱ्यांच्यात जाते. मला वाटतं, तिथे जास्त सुरक्षित आहे."

"जगेल का ते?" त्याने विचारलं.

"मला काय विचारताय? आमच्याकडे खोकल्याचं औषध मिळतं. आणि जगलं तर ताईंना सांगायचं कशाला? नवं कार्ड करा. अक्षर तुमचंच आहे, कोण बघतंय?"

"कार्ड बदलता येत नाही."

"आणि फोनवर जे सांगितलंत?"

"फोनवर सही नसते," मेकॅनिक म्हणाला.

पुढचे दिवस बायको घरात शिरताच चपला काढायच्या आधी विचारी, "पेशंट कसा आहे?" बेचाळिसाव्या दिवशी काही नव्हतं. त्रेचाळिसाव्या दिवशी वास आला, पण तो ओल्या मोज्याचा. सासूबाई म्हणाल्या, असू दे, काही नसण्यापेक्षा मोजा बरा. चव्वेचाळिसाव्या दिवशी मेकॅनिक वाटीकडे दोन तास बघत बसला आणि त्याने स्वेटरची एक आख्खी बाही विणली, इतकी घट्ट की तिच्यातून हात जाईना. पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी सहा वाजता सासूबाईंनी त्याला हाक मारली. हाक कसली, आरोळी. तो धावत गेला. त्या गादीवर गुडघे टेकून वाटीवर वाकल्या होत्या.

"बुडबुडा," त्या कुजबुजल्या. "एक. थांबा. दोन."

त्याने बोट लावून चाटलं. आंबूस. ताईच्या पावाचं आंबूस. त्याने कार्डावर लिहिलं, 'बुडबुडे २', आणि मग, जे सत्तावीस वर्षांत कधी केलं नव्हतं, पुढे उद्गारचिन्ह काढलं.

बावन्नाव्या दिवशी दुपारी, बेकरी उघडण्याच्या आदल्या दिवशी, तो नवी बरणी घेऊन ताईकडे गेला. बेकरीचं शटर अर्धं वर होतं. आत ताई मास्क लावून भट्टीजवळच्या खुर्चीत बसली होती. बारीक झाली होती, पण आवाज तसाच होता. त्याने बरणी टेबलावर ठेवली आणि चार पावलं मागे सरून उभा राहिला. बरणीच्या गळ्यात कार्ड होतं.

ताईने आधी टोपी काढून मास्क खाली केला आणि नाक बरणीजवळ नेलं. "अजून काही कळत नाही," ती म्हणाली. "तू सांग, वास कसाय?"

"आंबट. बरोबर आंबट. आणि किंचित लोकरीचा."

"लोकरीचा?"

"कार्ड वाच."

तिने चष्मा लावून पहिल्या दिवसापासून वाचलं. सदतिसाव्याला तिच्या कपाळाला आठी पडली. एक्केचाळिसाव्याला तिने हात टेबलावर टेकला. मेकॅनिक शटरच्या कडीकडे बघत होता. ती सैल होती. आवळायला त्याचे हात शिवशिवत होते, पण तो हलला नाही.

"फोनवर तू म्हणालास, नाही पाडलं."

"हो."

"आणि इथे लिहिलंयस."

"हो."

ताई पुढचं वाचू लागली. 'काउंटरवेट आतून खाल्ले गेले' हे तिने मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता हसू आलं, आणि मेकॅनिक चार पावलं पुढे यावं की मागे जावं या घोळात जागेवरच दोनदा वळला.

"पाव आतून मऊ झाला होता म्हणजे," ती डोळे पुसत म्हणाली.

"सासूबाई म्हणतात."

"बाहेरून कडक?"

"लाकूड."

"भट्टीत वाफ कमी पडते तुझ्या. पाण्याची वाटी ठेवत जा आत." तिने कार्ड परत बरणीला अडकवलं. "ती टोपी कुठाय? पहिली?"

"घरी. धुवायची बाकी आहे."

"धुतलीस तर बघ! ती इकडे आणून दे. अडीनडीला म्हणून या कपाटात टांगून ठेवते. बावीस वर्षं मी हे एकाच बरणीत ठेवलं, तुझ्या आळसाइतकीही अक्कल मला सुचली नाही." मग तिने पेन मागितलं आणि कार्डावर शेवटच्या ओळीखाली लिहिलं : 'मिळाले. चालू आहे.' खाली बेकरीचा शिक्का मारला.

जाता जाता त्याने शटरची कडी आवळलीच. ती इतकी आवळली गेली, की ताईला ती सोडवायला त्याला परत बोलवावं लागलं.

घरी आला तर सासूबाई ओट्यापाशी होत्या. विरजणातले दोन चमचे त्यांनी काढून ठेवले होते, एका स्टीलच्या डब्यात. डब्याला नवं कार्ड होतं, पट्टीने आखलेलं. मेकॅनिकला कंपनीचा निरोप आला होता. ऑफिसं उघडायची होती, आणि अठरा इमारतींच्या गप्प बसलेल्या लिफ्ट पुन्हा चालू करायच्या होत्या. त्याला पावणेसहालाच निघावं लागणार होतं. सासूबाईंच्या परतीच्या गाडीचा अजून पत्ता नव्हता.

तेव्हा उद्याचं असं ठरलं आहे. बेकरीची भट्टी साडेचारला पेटेल. मेकॅनिक पावणेसहाला घर सोडेल. डब्याला खाणं सहा वाजून दहा मिनिटांनी : पन्नास ग्रॅम मैदा, पन्नास मिलिलिटर पाणी, वीस वेळा ढवळणे. कार्डावर सही सासूबाईंची.